आत्याचे दोन आवाज

मी सरकारी संशोधन प्रकल्पात काम करते. लोकांनी आपल्या भाषेत बोलावं आणि सरकारी सेवांच्या कॉम्प्युटरने ते समजून घ्यावं, हे त्याचं उद्दिष्ट. त्यासाठी लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं. मध्य प्रदेशातल्या देवास आणि धारमधली मराठी गोळा करायचं काम माझ्याकडे होतं.

पहिली माझी आत्या. सकाळी काय करतेस, एवढंच विचारलं होतं. तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "आम्ही प्रातःकाळी चहाचे सेवन करतो."

"आत्या, घरी बोलतेस तसं बोल ना."

"सरकारी माइक आहे. घरच्यासारखं बोलून नाक कापून घेऊ?"

आमच्याकडे सगळ्यांचं तेच. माइक पाहिला की पूजेतली मराठी बाहेर येते. तेवढ्यात धारहून काकूचा फोन आला आणि आत्या माइक विसरली. "अगं, तो गॅसवाला भिया आलाच नाही! चांगलं डांटलं त्याला. आता इंडक्शनवर वरण चढवलंय, तर कुकरची सीटीच वाजेना."

दोघींना विचारून मी तेही पाठवलं.

तपासणाऱ्यांनी चहाचं सेवन पास केलं. कुकर नापास. शेरा होता: हिंदी मिश्रण, मराठी म्हणून अग्राह्य. महिन्याभरात माझी बहुतेक रेकॉर्डिंग अशीच परत आली. मग मेल आला: आढावा बैठकीत देवास-धार केंद्र बंद करण्याचा प्रस्ताव आहे. म्हणजे मराठीच्या यादीत आमची दोन्ही गावं राहणार नव्हती.

बैठक ऑनलाइन होती. अशा बैठकांत मी कॅमेरा बंद ठेवते, कुणी विचारलं तरच बोलते. त्या दिवशी कुणी विचारलं नाही. दिल्लीचे संचालक पुढच्या विषयाकडे वळले, तेव्हा मी माइक सुरू केला.

"सर, दोन रेकॉर्डिंग ऐकवायची आहेत. एकाच बाईची."

दोन्ही ऐकवली. कुकरवर कुणीतरी हसलं. मी थांबले नाही. "पहिलं आपण पास केलंय. असं त्या घरात कुणीच बोलत नाही. दुसरं नापास केलंय. सरकारी हेल्पलाइनला फोन केला तर त्या असंच बोलतील. आपण कॉम्प्युटरला कुठली मराठी शिकवतोय?"

तपासणीच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "पण नियम सगळ्या केंद्रांना सारखा हवा."

"हो. म्हणूनच नियम बदलायला हवा, केंद्र नाही. मिश्र बोलण्याला वेगळी खूण द्या, टाकून देऊ नका. महाराष्ट्राबाहेरच्या प्रत्येक गावात हेच असणार."

संचालकांनी विचारलं, "नियमाचा मसुदा कोण लिहील?"

"मी."

इतक्या लवकर मी कधीच उत्तर देत नाही.

मसुदा दोन पानांचा झाला. त्यातलं एक वाक्य कापून बाकीचा सगळ्या केंद्रांना लागू झाला. बंद करण्याचा प्रस्ताव मागे घेतला. नापास रेकॉर्डिंग आता मी एकेक करून पुन्हा पाठवते आहे, आणि पुढच्या आठवड्यात धारजवळच्या अमझेऱ्याला जायचं आहे. तिथे प्रश्न विचारायच्या आधी मी माइक सुरू करून बाजूला ठेवणार आहे, आणि आधी चहा पिणार आहे.