टँकरचा पाऊस

खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं आणि बाहेर वैशाखाचं ऊन रखरखत होतं. पाऊस टँकरचा होता. ऊन दिसू नये म्हणून वर काळं कापड ताणलेलं.

माणदेशातल्या एका गावात आमच्या सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. पटकथा माझी, मूळ कादंबरी फ्रेंच. कॉलेजपासून जिवापाड जपलेली. तिच्यातला माणूस चाळीस पानं खिडकीशी बसून एकच विचार करतो, की जगायचं ते कशासाठी? बाहेर काहीच घडत नाही, आणि तेच त्याचं दुखणं.

"विचार पडद्यावर दिसणार कसा हो?" दिग्दर्शक म्हणाला होता. "बाहेर काहीतरी हलतं पाहिजे."

शॉट संपला तरी पाइप गळत होता. शेजारची बाई लगबगीनं आली, तिनं कळशी त्याच्याखाली धरली आणि मला विचारलं, "दादा, एवढं पाणी मातीत घातलंत, ते कशासाठी?"

चाळीस पानांचा प्रश्न तिनं उभ्या उभ्या विचारला. मी निर्लज्जपणे दिग्दर्शकाकडे बोट दाखवलं. पाऊस मात्र मीच लिहिला होता. एका दुपारी, चहा पिता पिता, फारसा विचार न करता.