आईच्या मुठीचा कोयता

कानस लोखंडावर फिरू लागते तेव्हा आधी खरखर होते. मग तो आवाज बारीक होत जातो, ओला, जवळजवळ गोड. उसाच्या फडावरच्या कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, मी लहानपणी याच आवाजाने जागी होत असे. आई कोयत्याला धार लावत असायची. पाचटाचा वास, थंडी, आणि तो आवाज. त्याची मला कधी भीती वाटली नव्हती.

त्या दिवशी वाटली. आमच्या चौसाळ्याच्या चौकात, मंडपामागे कुणीतरी कानस चालवत होते. कोयत्याने केक कापायचा होता.

वाढदिवस दादाचा; सारा गाव त्याला दादाच म्हणतो. त्याचे वडील आमच्या ऊसतोड टोळीचे मुकादम. माझे आईबाप त्यांच्याच ट्रकमधून कारखान्याला जात. मुलाने वाळूचा धंदा धरला. वाळूसाठी, मारामारीसाठी त्याला तरणी पोरे लागतात. फ्लेक्सवर तो मोठा, हात जोडलेला. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत चिमुकले चेहरे. त्यात विष्णू. माझ्या अभ्यासिकेतला, कबड्डीत सगळ्यांत चपळ. आईबाप उसाला गेले की त्याचे घर रिकामे, चूल थंड. त्या महिन्यांत पोरांना जेवायला कोण हाक मारते, त्यावर पुढचे सारे ठरते. अभ्यासिका मी त्यासाठीच उघडली होती. पण दादा त्यांना ढाब्यावर नेत असे.

मी विष्णूला घरी न्यायला गेले होते. दादाने पाहिले. माईक त्याच्याच हातात.

"या की बाई! वर या. पोरांना शहाणं करता म्हणं तुमी."

विष्णू वर होता, म्हणून मी वर गेले. कुणीतरी माझ्या हातात कोयता दिला.

"ऊसतोड्याची लेक हाय. कसा धरायचा, दावा जरा पोरांना! पण बाई तर एकल्याच. म्हंजी अर्धाच कोयता की बे!"

ऊसतोडीत नवराबायकोचा मिळून एक कोयता धरतात. एकटी बाई अर्धी. नवऱ्याचे घर सोडून मी परतले, हे गावाला ठाऊक. मंडप हसला. मोबाईल वर झाले. विष्णूही हसला. एवढ्या गलक्यात मला त्याचे हसू वेगळे ऐकू आले.

कोयत्याच्या मुठीला चिंधी गुंडाळलेली. लुगड्याची, हिरवी, घामाने काळवंडलेली. कुण्या बाईच्या बोटांचे खळगे तीत तसेच होते. माझी बोटे आपोआप त्यांत बसली.

"कुणाचा?" मी विष्णूला हळूच विचारले.

"आईचा. नवा घेऊन गेली ती."

त्याचे हसू विझले.

मी केक कापला नाही. माईक तोंडापुढे आला; तो बाजूला सारला. कोयता पदरात गुंडाळला आणि पायऱ्या उतरले. मागून शिट्ट्या. "ओ बाई, केक तरी खाऊन जा!" गर्दी सरकत गेली. सोबत कुणी आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून अभ्यासिकेत पाऊल वाजले नाही. सतरंजी अंथरायची, बसायचे, ती झटकून गुंडाळायची. पंख्याची कुरकुर. महामार्गावरचे ट्रक. प्रत्येक चपलेच्या आवाजाला मान वर व्हायची. चपला पुढे जायच्या.

मग एका संध्याकाळी विष्णू आला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"ताई, दादानं कोयता मागितलाय."

"तुझ्या आईचा आहे. ती आली की तिच्याच हातात देईन."

"आवो, रिकामा गेलो तर मला हाणतील ना!"

"मग जाऊ नकोस. आत ये. भाकरी आहे."

तो आत आला नाही. रिकाम्या हातांनी परत गेला. त्याचा ओठ फुटल्याचे मला दुसऱ्यांकडून कळले.

लोक म्हणतात, पोरे येत नाहीत, बंद करा. करणार नाही. तो कोयता पुन्हा कुठल्याही मंडपात जाणार नाही. रोज दिवेलागणीला मी दार उघडीन. रोज विष्णूच्या दारात जाऊन त्याला जेवायला हाक मारीन. तो ओ देत नाही. दादाच्या गाडीवर बसलेला असला, तर तिथे जाऊन, सर्वांदेखत हाक मारीन. त्यांना हसायचे तेवढे हसू दे. अर्ध्या कोयत्यानेही फड तुटतो. मी तोडलेला आहे.

कारण तो कोयता मागायला आला त्या संध्याकाळी, तो वळण्याआधी, मी त्याला विचारले होते, "उद्या दादा म्हणाला, हा कोयता माणसावर चालव. चालवशील?"

त्याने मान खाली घातली नाही. सरळ माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला,

"व्हय."