शनीची धार

संध्याकाळी गच्चीवर वहिनीने दुर्बीण शनीवर लावली. त्याची कडी यंदा आपल्याकडे धार करून उभी आहेत. "त्यांची जाडी आत्ताच मोजता येते," ती म्हणाली, "कडेवरून येईल तेवढ्या उजेडावरून."

मला दिसली ती सुरीने ओढावी तशी जेमतेम एक रेघ. म्हणे शनीचा एक चंद्र फाडला गेला, त्याच्या चिंधड्या झाल्या, आणि ते तुकडे कडी होऊन अजून एकमेकांवर आदळत फिरताहेत. हा सगळा कत्तलखाना इतका पातळ! आपण जाड गोष्टींना उगाच भितो. चिरतं ते पातळच.

वहिनीचा हात गळ्यावरच्या व्रणाकडे गेला. संक्रांतीला स्कूटरवरून येताना पतंगाच्या मांजाने तिचा गळा कापला होता. ओढणी रक्ताने थबथबली होती.

"तोही असाच समोर होता," ती म्हणाली, "आणि दिसला नव्हता."