डीव्हीआरमधला गेला गुरुवार

वर्ध्याच्या आयटीआयमध्ये मी बरीच वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. पण शिकवता शिकवता धडाच पुसला जातोय, असा प्रसंग निवृत्तीनंतर एकदाच आला.

गावाकडून चुलतवहिनीचा फोन आला. आठवडी बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा गेल्या गुरुवारी नाहीसा झाला होता आणि बाईने भर बाजारात वहिनीचं नाव घेतलं होतं. निकाल लागेपर्यंत वहिनीने बाजारात बसायचं नाही, असं बाजार समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं. "भाऊजी, क्यामेऱ्यात सगळं हाये म्हणते. तुमाले समजते ते. या न."

पिपरी मेघेच्या माझ्या घरून मी पोचलो तो पुढचा गुरुवार होता. वहिनीचा सांबार, म्हणजे आपली कोथिंबीर, आणि मेथी कार्यालयाबाहेर ऑटोत सुकत होती. आत काटेवाली बाई, अध्यक्ष आणि दोन सदस्य बसले होते. कॅमेऱ्यांचं उद्घाटन नारळ फोडून झालं होतं. पहिल्या कॅमेऱ्याच्या भिंगालाच कुणीतरी भक्तिभावाने कुंकू लावल्यामुळे तो तेव्हापासून रोज बारा तास सूर्यास्त दाखवत होता. उरलेले तीन मात्र शाबूत होते.

मी डीव्हीआरची यादी उघडली आणि आधी तारखा बघितल्या. डीव्हीआर म्हणजे कॅमेऱ्यांनी पाहिलेलं लक्षात ठेवणारा डबा. त्यातली डिस्क भरली की सर्वांत जुनं पुसून तो त्यावर नवं लिहितो. याला ओव्हरराइट म्हणतात. या डब्यात सातच दिवस मावत होते. आता चार वाजून वीस मिनिटं झाली होती, आणि डब्यातलं सर्वांत जुनं चित्र गेल्या गुरुवारी चार विसाचं होतं. वहिनी त्या दिवशी पावणेपाचला बाजारातून निघाली होती.

"आधी रेकॉर्डिंग थांबवू," मी म्हणालो.

"सर, पयले आमाले समजावून सांगा," अध्यक्ष म्हणाले. "कारभार पारदर्शक हाये आपला. हे फ्रेम म्हंजे काय?"

मी घड्याळाकडे बघत सांगितलं. व्हिडिओत काहीच हलत नसतं. सेकंदाला पंचवीस फोटो भराभर उलटले जातात, डोळ्याला ते हलल्यासारखे वाटतात.

"आन् चेहरा झूम केला तं?"

"चित्र ठिपक्यांचं असतं. त्यांना पिक्सेल म्हणतात. मोठं केलं की ठिपके मोठे होतात, चेहरा नाही. साहेब, चार पस्तीस झाले. थांबवू का?"

"क्यामेरा एक मिनिटबी बंद राहणार नाई, असं मी उद्घाटनाच्या भाषणात बोललो हावो. बंद कराले ठराव लागते."

"मग करा ठराव."

"कोरम नाई."

वहिनी उठली. "भाऊजी, कोणती वायर?"

"मागच्या चारही. ओढू नका. दाबून डावीकडे फिरवा."

वांगी तोडावीत तशा तिने चारही वायरी सोडवल्या. टीव्हीवरचे चारही चौकोन निळे झाले. चित्रच येत नसेल, तर डबा पुसून लिहिणार काय?

"हे काऊन केलं तुमी?" अध्यक्ष ओरडले.

"माही जागा पुसून राह्यली होती त्यात," वहिनी म्हणाली आणि परत बसली.

मी दुसऱ्या कॅमेऱ्याचं गेल्या गुरुवारचं चित्र लावलं. पावणेपाचला एक बोटभर आकृती टोपली उचलून ऑटोकडे गेली.

"पदराखाली काय हाये, दिसते का?" काटेवालीने विचारलं.

दिसत नव्हतं. कॅमेऱ्याने काहीच सांगितलं नाही, तर संशयावर आता यंत्राचाही शिक्का बसणार होता. मी तेच चित्र पुन्हा लावलं, आणि काटेवालीच्या ताडपत्रीच्या सावलीत लाल काहीतरी लुकलुकताना दिसलं. काट्याचे आकडे होते ते. वहिनीचा ऑटो निघून गेला, तरी ते लुकलुकतच होते. काही मिनिटांनी एक टेम्पो आडवा उभा राहिला. तो हलला तेव्हा लाल काहीच नव्हतं.

"माहा काटा कधी लुकलुकत नाई," काटेवाली म्हणाली.

मी बाहेरून एक काटा मागवला आणि तिला फोनच्या कॅमेऱ्यातून दाखवला. आकडे लुकलुकत होते. त्यांतली वीज एका आकड्यावरून दुसऱ्यावर इतक्या झपाट्याने फिरते, की डोळ्याला ते सतत पेटलेले वाटतात. कॅमेऱ्याचे फोटो त्या तालात पडत नाहीत, म्हणून त्याला मधला अंधारही दिसतो. तिने एकदा फोनमध्ये बघितलं, एकदा नुसत्या डोळ्यांनी, मग पुन्हा फोनमध्ये.

"मंग नेला कोणं?"

"टेम्पोपलीकडचं या डब्यालाही माहीत नाही."

अध्यक्ष सदस्याला सांगू लागले, "लिहा, सदर महिला निर्दोष..."

"कागदावर नोका लिहू," वहिनी म्हणाली. "चोर मले बाजारात म्हणलं."

काटेवाली बाहेर पडली. वहिनीच्या जागेवर पसरलेल्या आपल्या टोपल्या तिने मागे ओढल्या. वहिनीने जुड्या मांडल्या. एक गिऱ्हाईक बाई थांबली, वाकली, आणि हात लावण्याआधी तिने काटेवालीकडे बघितलं. काटेवालीने मान वर केली नाही.

"घे न बाई," ती म्हणाली. "तिचा सांबार ताजा हाये."

तो दुपारपासून ऑटोत पडला होता.