एकवीस जोड्या

मी तापट माणूस. आष्टीत कुणालाबी विचारा, पिठाच्या गिरणीवाला कल्याण म्हणलं की लोक आधी माझ्या आवाजावर बोलतात, मंग माझ्यावर. गिरणीच्या घरघरीत ओरडून बोलायची सवय लागली, ती बाहेरबी सुटली न्हाई. पण ही गोष्ट मी हळू आवाजात सांगून राह्यलो. गोष्ट सखूमावशीची हाय आन् शरम माझी हाय.

सखूमावशी आमच्या गावची धनगराची बाई. नवरा व्हता तवर दोघं मेंढरं घेऊन पार गोदाकाठापर्यंत हिंडायचे. नवरा गेला, पोरानं, अंगदनं, मेंढरं इकली आन् शेतीत लक्ष घातलं. तरी मावशीची खोड गेली न्हाई. दिवस बुडताना दारात उभी राहून ती गल्लीतल्या दुसऱ्यांच्या शेळ्यासुद्धा बघून घ्यायची. तिला आकडे धड येत न्हाईत. पण दोनशे मेंढरं ती तोंडावरून ओळखायची. "ती कान फाटकी कुठंय रे?" म्हणायची, आन् खरंच तीच मागं राह्यलेली आसायची. उभ्या जन्मात तिचं एक कोकरू रानात राह्यलं न्हाई, हे सगळं गाव सांगतं.

दरसाली दिवाळी झाली की मी हरिद्वारची बस काढतो. सोबत पीठमीठ, शेगडी, आचारीण बेबीनंदा, सगळं घरचं. मागच्या साली अंगद आईला घेऊन गिरणीवर आल्ता. म्हणला, "काका, आईनं कधी परभणीच्या पलीकडं पाय टाकला न्हाई. तिला गंगा बघायची. तुमच्या हवाली करतो." मी छाती काढून म्हणलं, "बिलकुल काळजी करू नको. कल्याणच्या गाडीतून आजवर टाचणी हारवली न्हाई."

आता माझी मोजायची रीत सांगतो, कारण सगळा घोळ तिथंच हाय. बसमधी शिटं दोनाची. कुणी नवरा-बायको, कुणी मायलेकी, कुणी दोघी जावा. म्हणून मी माणसं मोजत न्हाई, जोड्या मोजतो. "जोडी एक?" आसं ओरडायचं, त्यांनी "हाय!" म्हणायचं. जोडीतलं एक न्हाई आलं तर दुसरं बोंब मारतंच. धा वर्सं ही रीत चालली, लई अभिमान व्हता मला तिचा. त्या साली एकवीस जोड्या भरल्या आन् मावशी एकटी उरली. तिला मी पाठीमागच्या शिटावर बसवलं, पिठाच्या पोत्यांजवळ. म्हणलं, "मावशी, ऐसपैस व्हईल तुला." कशाचं ऐसपैस! मागं बसून हाडं खिळखिळी व्हतात. ती बिचारी म्हणली, "बराबर हाय बाबा, टेकाय पोतं तर हाय." काळी घोंगडी आंथरली आन् बसली.

घोळ झाला त्या दिवशी सकाळी आग्रा, दुपारी मथुरा, दिवस मावळायच्या आत वृंदावन आन् तसंच म्होरं हरिद्वारकडं, आसा बेत मीच कागदावर लिहिला व्हता. गाडीच्या आधी माझीच घाई सुटली व्हती. ताजमहालाच्या रांगेत मी माणसं हाकून राह्यलो, "चला जल्दी, जल्दी उरका!" मावशीच्या गुडघ्यांनी त्या दिवशी दगा दिला. मागून म्हणली, "कल्याणा, जरा दमानं की रे."

मी तिथंच, सगळ्यांच्या म्होरं, गिरणीतल्या आवाजात म्हणलं, "मावशी, तुझ्या एकटीपायी सगळ्यांचा खोळंबा व्हऊन राह्यला!"

माणसं वळून बघाय लागली. मावशीनं पदर तोंडाशी धरला. मंग हसून म्हणली, "मी बसते हिथंच झाडाखाली. तुम्ही या बघून. कबरच हाय ना ती?"

"बस. आन् कायबी झालं तरी हालू नको. जाताना घेऊन जातो."

आत गेलो, फोटो काढले. तेवढ्यात डायवरचा फोन आला, की तिकडं गाडी थांबू देईनात, दुसऱ्या दरवाजानं बाहेर या. मी सगळ्यांना तसंच दुसऱ्या दरवाजाला वळवलं. गाडीत चढलो, ओरडलो, "जोडी एक?" "हाय!" करत करत "एकवीस?" "हाय!" मागं नजर टाकली तर पोत्यापाशी घोंगडीचा ढीग दिसला. वाटलं, मावशी निजली. बरं झालं, म्हणलं, आता कटकट न्हाई. खरं सांगतो, हेच शब्द मनात आल्ते.

मथुरेत एका धर्मशाळेच्या पटांगणात जेवणं बसली. बेबीनंदा रोज मावशीसाठी ज्वारीच्या दोन भाकरी येगळ्या थापायची, कारण तिला पुरी सोसत न्हाई. पंगत उठाय आली तशी बेबीनंदा परात घेऊन माझ्याकडं आली.

"दादा, मावशीच्या भाकरी तशाच हायेत. मावशी कुठंय?"

"गाडीत निजली आसंल. उठीव."

मी आसं म्हणलो आन् म्हणतानाच मला आग्र्याचं ते झाड आठवलं. पळत गाडीत गेलो, घोंगडी वढली. खाली नुसतं शीट.

माझा पहिला इचार मावशीचा नव्हता. पहिला इचार आला की गावात आता माझ्या नावाचं काय व्हईल. दुसरा आला की वृंदावन हुकलं. मावशी तिसरी आली. उपाशी, उन्हाची, भाषा धड येत न्हाई, जवळ फोन न्हाई, आन् घरचा पत्ता इचारला तर ती नुसतं "आष्टी" म्हणंल. लोकांना म्हणलं, "कुणी कायबी बोलायचं न्हाई, मी तिला घेऊन येतो, काय सांगायचं ते मी सांगतो." जीप केली आन् उलटा आग्र्याला निघालो. दीड तास मी देवाला हात जोडत व्हतो, पण त्या देवालाबी तोंड दाखवायची लाज वाटत व्हती.

पोचलो तवा चार वाजत आल्ते. मावशी तिथंच व्हती. सकाळी जिथं बसवली त्याच झाडाखाली, पाय पोटाशी घेऊन. सावली कवाच सरकून दुसरीकडं गेल्ती, मावशी उन्हात बसली व्हती. शेजारी वर्दीतली एक बाई उभी व्हती. ती माझ्यावर उखडलीच.

"तुम इसके लड़के हो? अम्मा सुबह से बैठी है. पानी पीने को भी नहीं उठती!"

मावशी तिला म्हणली, "मैं बोली ना बाई, मेरा पोरगा आनेवाला हाय. हालू नको बोल्या उनं."

मी तिच्या पायापाशी खाली बसलो. बाटली पुढं केली. तिनं अर्धी बाटली घटाघटा रिचवली, तोंड पुसलं आन् माझ्या चेहऱ्याकडं बघून घाबरली.

"का रे कल्याणा, येवढा का घामाघूम झालास? कुणी चुकलं व्हतं का? मला वाटलंच. म्हणलं हा आसा इसरणारा न्हाई, ह्याचं कुणीतरी हारवलं आसंल, हुडकत आसंल बिचारा."

आता तिथं खरं सांगायला काय झाल्तं मला? जीभ उचलली आन् म्हणलं, "व्हय मावशी. एक माणूस मागं राह्यलं व्हतं."

"गावलं का?"

"गावलं."

"घाबरलं आसंल गं बाई," मावशी म्हणली, आन् गुडघ्यावर हात टेकून उठली.

येताना जीपमधी ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. मी बाहेर बघत राह्यलो. तिला उठवून सांगावं आसं धा येळा वाटलं. न्हाई सांगितलं.

मथुरेला गाडीत चढल्यावर मावशी लगेच मागं गेली न्हाई. पहिल्या शिटापासून एकेकाचं तोंड बघत, थांबत थांबत चालली. सगळे माना घालून बसले व्हते. कुणी तिच्याकडं बघंना, कुणी म्हणंना की मी चुकलो व्हतो. शेवटल्या शिटापाशी पोचून ती म्हणली, "हायेत सगळे." मंग बेबीनंदाच्या हातच्या गार भाकरी पाण्यात बुडवून तिनं खाल्ल्या. मी जोड्या न मोजताच गाडी सोडाय लावली. हरिद्वारला मावशीनं गंगेत तीन बुड्या मारल्या, तवा तिचा हात मी धरला व्हता. तिथंबी सांगाय आलं आसतं.

गावी आल्यावर अंगदनं आईचं मावंदं घातलं. जत्रा करून आलेल्या माणसाच्या घरचं जेवण, सगळं गाव आल्तं. मावशीनं तवर गावभर करून ठेवलं व्हतं, की कल्याण लई जपतो माणसाला, एक माणूस चुकलं तर न जेवता दिवसभर हुडकत राह्यला. अंगदनं मला पाटावर बसवलं, नारळ दिला, टोपी घातली, पाया पडला. गाडीतली बेचाळीस माणसं पंगतीत बसली व्हती आन् पत्रावळीकडं बघत व्हती. बेबीनंदा तेवढी माझ्याकडं रोखून बघत व्हती. मी नारळ घेतला. हात जोडले. तोंड उघडलं न्हाई.

मंग मावशी उठली. मेंढरं व्हती तवाच्या लोकरीची एक घोंगडी तिनं जपून ठेवल्ती, ती आणली आन् सगळ्यांच्या देखत माझ्या खांद्यावर टाकली. टाकताना वाकून माझ्या कानाशी बोलली. लोकांना वाटलं आशीर्वाद देऊन राह्यली.

"म्होरल्या साली तोंडं बघत जा, कल्याणा," ती म्हणली. "जोड्या नको मोजू."

तिनं पाठीवरून हात फिरवला आन् वाढायला निघून गेली. मी त्या पाटावरच बसून राह्यलो. अंगद आग्रह करून राह्यला, "काका, अजून एक पोळी," आन् मी खांद्यावरची घोंगडी धरून पंगतीतलं एकेक तोंड बघत व्हतो.