द्राक्षांच्या पॅकहाऊसमधला काढा

सीझन संपला की आमचं पॅकहाऊस रिकामं होतं. क्रेट धुऊन थप्पीला लागतात, कात्र्या कपाटात जातात. किस्से मात्र तसेच पडून राहतात. त्यांना कोल्ड स्टोरेज लागत नाही, एवढंच बरं!

निफाडजवळच्या एका पॅकहाऊसमध्ये, म्हणजे परदेशी जाणारी द्राक्षं निवडून भरतात तिथे, मी क्वालिटी बघते. रोज नाशिकहून कंपनीच्या गाडीने जाते. ग्रेडिंग हॉलमध्ये सगळ्या बायका. डोक्याला टोपी, अंगात एप्रन, हातात कात्री. द्राक्षं टिकावीत म्हणून हॉल गार ठेवलेला. त्या गारठ्यात दिवसभर उभं राहायचं. पाळी जवळ आली की कंबर, पोटऱ्या, डोकं, सगळं एकदम हजेरी लावतं. त्यामुळे आमच्याकडे द्राक्षांच्या खालोखाल चर्चा कशाची होत असेल, तर काढ्यांची!

* * *

पल्लवी नवीन लागली तेव्हाची गोष्ट. बी.एस्सी. झालेली, नुकतं लग्न झालेली, नाशिकच्याच द्वारका भागातून कंपनीच्या त्याच गाडीने यायची. एका सकाळी घडातले बारके मणी कापता कापता ती रडायलाच लागली.

मी घाबरले. "काय गं, कात्री लागली का?"

"नाही मॅडम. हा घड इतका सुंदर होता हो... आणि मी त्याला कापतेय!"

शेजारी मंदाताई होत्या. आमच्या सगळ्यात जुन्या ग्रेडर. त्यांनी मान वर न करता विचारलं, "पोरी, तारीख काय तुझी?"

पल्लवी डोळे पुसत म्हणाली, "आज बावीस."

"कॅलेंडरची नाय विचारली!"

* * *

मंदाताईंचा उपाय एकच. ओवा आणि बाळंतशेपा पाण्यात उकळायचे, वर गुळाचा खडा, आणि कडकडीत प्यायचं. त्यांनी पल्लवीला तो सांगितला. पल्लवीने त्याच संध्याकाळी घराजवळच्या जडीबुटीच्या दुकानात जाऊन बाळंतशेपा मागितले.

दुकानदार सासरच्या ओळखीचा. त्याने पुडी बांधता बांधता हसून विचारलं, "कितवा?"

पल्लवीला वाटलं, टोकन नंबर विचारतोय. ती म्हणाली, "पहिलाच!"

वाटेत भाजी घेऊन ती घरी पोचेपर्यंत बातमी आधी पोचली होती. सासूबाई दारातच उभ्या. हातातली पिशवी काढून घेतली. "आता जड उचलायचं नाही!" आत पेढे आलेले, नणंदेचा फोन चालू. पल्लवीने सगळ्यांसमोर, सासऱ्यांसमोरसुद्धा, लाजेने लाल होत खरं काय ते सांगितलं. म्हणाली, कंबर दुखते म्हणून आणलेत, बाकी काही नाही.

सासूबाईंनी पुडी परत बांधली, डब्यात ठेवली आणि म्हणाल्या, "निम्मेच वापर. बाकीचे जपून ठेव. लागतीलच!"

* * *

त्यानंतर पल्लवीने काढ्याचा नाद सोडला आणि मोबाइलवरचा उपाय धरला. महिन्याचे पहिले पंधरा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे पंधरा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या. रोज चमचा चमचा. म्हणजे म्हणे चिडचिड होत नाही.

मंदाताईंनी नीट ऐकून घेतलं. "जवसाची चटणी तर माझ्या घरी बारा महिने असती. मला चिडचिड व्हती का नाय, ते आमच्या मालकांना इचार!"

पल्लवीने तरी नेटाने केलं. बिया बाल्कनीत वाळवायची, भाजायची, भरून ठेवायची. दोन-तीन महिन्यांनी मी विचारलं, "काय, पडला का फरक?"

"पडला ना मॅडम. बाल्कनीत पोपट यायला लागले."

* * *

माझीही गोष्ट सांगायला हवी. माझ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाळीच्या आधी चहा-कॉफी कमी करा, खारट कमी करा, रोज चाला. मी 'कमी करा'चं 'बंद करा' केलं. लोणचं बंद, चहा बंद.

चहा बंद केल्यावर डोकं असं दुखायला लागलं, की बोलायची सोय नाही. त्यात कंटेनर भरायचा होता. मी एकामागून एक क्रेट बाजूला काढायला लागले. हा रंग बरोबर नाही, हा देठ सुकलाय, हे मणी मला आवडले नाहीत! हॉलमध्ये कोणी श्वास घेईना.

मंदाताई बाहेर गेल्या. मला खुणेने बोलावलं. आल्याचा वाफाळता चहा हातात दिला आणि म्हणाल्या, "मॅडम, तुमची तब्येत नंतर बघू. आधी कंटेनर जाऊ द्या!"

मी प्याले. मग ते क्रेट परत तपासले. बहुतेक सगळे व्यवस्थित होते.

* * *

आमचे मॅनेजर शेळके सर. माणूस वाईट नाही, पण कायम घाईत. बायकांचं म्हणणं एवढंच होतं, की हॉलच्या बाहेर एक बाकडं आणि गरम पाण्याची किटली ठेवा. त्रासाच्या दिवसांत जरा बसून पोट शेकता येईल. हे मागणं घेऊन मीच त्यांच्याकडे गेले.

"मॅडम, हे पॅकहाऊस आहे. दवाखाना नाही!"

"पाच-दहा मिनिटांचा प्रश्न आहे, सर."

"आज पोट, उद्या डोकं. मग द्राक्षं कोण भरणार?"

विषय संपला. पण त्या दिवशी हॉलमध्ये नुसत्या कात्र्यांचा आवाज.

थोड्याच दिवसांनी लोडिंगला माणसं कमी पडली, म्हणून सरांनी स्वतः क्रेट उचलला आणि कंबर धरून तिथेच वाकले. ना वर होता येईना, ना खाली. मंदाताईंनी आपली रबराची पिशवी गरम पाण्याने भरून आणली. रिकाम्या क्रेटवर पुठ्ठे टाकून सरांना आडवं केलं, कंबरेखाली पिशवी दिली. सर डोळे मिटून पडून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मंदाताई, हे फार बरं वाटतंय हो."

"व्हय ना सर? आम्हाला पण वाटतं!"

त्या आठवड्यातच बाकडं आलं, किटली आली. बाकड्यावर सगळ्यात जास्त कोण बसतं, ते मी सांगणार नाही. पण शेळके सरांचा मोबाइल दोनदा तिथेच सापडला!

* * *

मग एकदा परदेशातून ऑडिटला साहेब आले. उंच, गोरे, अतिशय नम्र. शेळके सरांनी पाहुणचार म्हणून त्यांना सकाळीच झणझणीत मिसळ खिलवली. वर आणखी तर्री! हॉलपर्यंत येता येता साहेबांचा चेहरा पांढरा पडला. पोटावर हात. फाइल उघडी, पण लक्ष नाही.

बाहेरच्या किटलीत आता काढाही उकळायचा; मंदाताईंनी तो कपात ओतून त्यांच्या हातात दिला. साहेबांनी वास घेतला, एक घोट घेतला आणि विचारलं, हे काय आहे?

शेळके सर म्हणाले, "नॅचरल, सर! व्हेरी नॅचरल!" पुढचं इंग्रजी त्यांना सुचेना.

पल्लवीने सरळ सांगून टाकलं, की हा बायकांचा पाळीच्या आधीच्या दुखण्यावरचा काढा आहे.

सरांनी छताकडे पाहिलं. साहेबांनी कपात पाहिलं, शांतपणे सगळा काढा संपवला आणि कप पुढे केला. म्हणाले, "बायकांना पुरणार असेल, तर अजून थोडा मिळेल का?"

* * *

हसण्यावारी न्यायची नव्हती, अशीही एक गोष्ट सांगते. रेखा नावाची आमची पॅकर. एरवी गाणी गुणगुणणारी. पण पाळीच्या आधीचा आठवडा आला, की ती दुसरीच कोणी व्हायची. जेवायची नाही, बोलायची नाही. काढा पाजला, शेकून झालं, चालायला नेलं. एका दुपारी डबा न उघडता म्हणाली, "मी नसले तर सगळ्यांचं बरं होईल."

मंदाताईंनी आपला डबा बंद केला. "हे काढ्याचं काम नाय," एवढंच बोलल्या. त्या रात्री तिला आपल्या घरी झोपायला नेलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने नाशिकला डॉक्टरांकडे. औषधं सुरू झाली, फेऱ्या झाल्या. वेळ लागला, पण रेखा सावरली. आता पुन्हा गुणगुणते. बेसूर, पण गुणगुणते.

पहिल्या दिवशी डॉक्टरांनी मंदाताईंना विचारलं होतं, "तुम्ही यांच्या कोण?"

त्या म्हणाल्या, "मी काढेवाली. माझ्याच्यानं नाय झालं, म्हणून तुमच्याकडं आणली."

* * *

आणि हा किस्सा मंदाताईंचाच. त्या दिवशी त्या घरी भांडून आल्या होत्या. कशावरून, तर मोबाइलचा चार्जर जागेवर नव्हता! सकाळपासून कात्री अशी चालत होती, की शेजारच्या बायका हात सांभाळून उभ्या.

दुपारी वॉचमनने मला गेटवर बोलावलं. बाहेर मंदाताईंचे मिस्टर, बाळूभाऊ. दुसऱ्याच्या बागेत फवारणीचा ट्रॅक्टर चालवतात. महिन्याकाठी चार वाक्यं बोलत असतील. मोटारसायकल चालूच होती. त्यांनी एक स्टीलचा थर्मास माझ्या हातात दिला.

"मंदाला द्या. काढा हाय. आज लागंल तिला."

मला राहवलं नाही. "तुम्हाला कसं कळलं?"

ते मोटारसायकलच्या टाकीकडे बघत म्हणाले, "सकाळी भाकरी थापायचा आवाज येतो ना. आज लय जोरात व्हता." आणि गेलेसुद्धा.

मी थर्मास बाकड्यावर नेऊन ठेवला, निरोप सांगितला. मंदाताई कात्री ठेवून बाकड्याशी आल्या. पल्लवीची पण कंबर दुखत होती, तिने आधी आपल्या कपात ओतून घेतलं. घोट घेतला आणि चमकून माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, हे नुसतं गरम पाणी आहे! ओवा, शेपा, काहीच टाकलं नाहीये!"

मंदाताईंनी तिच्या हातातून थर्मास घेतला. झाकणात ओतून प्यायल्या. पुन्हा ओतलं, पुन्हा प्यायल्या. थर्मास पार रिकामा केला, झाकण घट्ट लावलं आणि तोंड पुसलं.

"लय कडक केलाय," त्या म्हणाल्या. "बरं वाटलं."