जहाज तेच, मालक तिसरा

जहाजाच्या नाकावर नाव असतं ते नुसतं रंगवलेलं नसतं. आधी वेल्डिंगने अक्षरांच्या कडा उठवतात, मग त्यात रंग भरतात. त्यामुळे नाव बदलायचं ठरलं की जुनी अक्षरं ग्राइंडरने घासून काढावी लागतात, आणि मालवाहू जहाजावर तेवढी सवड कुणालाच नसते. जुन्या अक्षरांवर रंग फासायचा आणि नवी शेजारी उठवायची. कलत्या उन्हात आमच्या जहाजाची तिन्ही नावं एकदम वाचता यायची.

पहिलं नाव एका परदेशी देवीचं. दुसरं मालकाच्या मुलीचं. ती मुलगी एकदा जहाज बघायला आली होती. इंजिनरूमच्या दारात एक श्वास घेतला आणि परत गेली. तिसऱ्या मालकाने नावात 'गौरव' अशा अर्थाचा शब्द घातला. अठरा वर्षांच्या जहाजाला गौरवाची गरज होतीच, पण नव्या पंपांची जास्त होती.

मुलीच्या नावाच्या काळात मी तिथे सेकंड इंजिनिअर म्हणून लागलो. सेकंड म्हणजे इंजिनरूममधला दोन नंबरचा माणूस. राबायचं त्याने, सही करायची चीफने. गहू, कोळसा, युरिया, लोखंडाची माती, मिळेल ते आम्ही वाहिलं. एकदा ब्राझीलची साखर वाहिली. मी वाळवा तालुक्यातला. घरच्या उसाला तोड कधी येणार म्हणून घिरट्या घालणाऱ्या माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, हे सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

शेवटची विक्री माझ्यासमोर झाली. सिंगापूरबाहेर नांगर टाकलेला होता. जुन्या मालकाचा एक आणि नव्याचा एक असे दोन टायवाले लाँचमधून आले. कॅप्टनच्या केबिनमध्ये सह्या झाल्या, फोटो झाले, कोमट संत्र्याचा ज्यूस झाला. मागचा झेंडा उतरला आणि दुसऱ्या देशाचा चढला. त्या देशाला समुद्रच नाही, असं एका खलाशाने नकाशा बघून सांगितलं. खाली जनरेटर चालूच होता. मालक बदलल्याचं त्याला कुणी कळवलं नव्हतं.

जुना चीफ त्या दिवशीच उतरला. नव्या मालकाने मला विचारलं, याच जहाजावर चीफ म्हणून याल का? जुनी कंपनी म्हणाली, आमच्याकडेच राहा, कोरं करकरीत जहाज देतो, पण सेकंड म्हणूनच. मी सुट्टीवर निघालो होतो आणि दोघांनाही पंधरा दिवसांत उत्तर हवं होतं. मला चीफ व्हायचं होतं. त्या इंजिनाचे सगळे आजार मला पाठ होते. घरच्यांना तेवढं पटवायचं राहिलं होतं.

विमानतळावरून घरच्या ग्रुपवर घाईत लिहिलं. लिहायचं होतं, 'नाव बदललं, कंपनी बदलली.' बोटाखाली 'नाव बदलली' झालं. आबा सुभेदार म्हणून निवृत्त झालेत. हुकूम लिहिलाय तसाच वाचतात. शिवाय आमचं गाव कृष्णाकाठचं. नाव बदलली म्हणजे होडी बदलली, यात शंकेला जागाच नव्हती.

इस्लामपूरहून रिक्षाने गावात उतरलो तर चौकात फ्लेक्स. 'नव्या जहाजावर नियुक्तीबद्दल हार्दिक अभिनंदन.' माझा बारावीचा फोटो आणि मागे जहाज. त्या जहाजावर चार लढाऊ विमानं उभी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रामपंचायतीसमोर सत्कार. पाहुणे म्हणून साखर कारखान्याचे एक माजी संचालक. त्यांनी 'दर्यावर्दी' हा शब्द चारदा उच्चारला, चारही वेळा वेगळा. शाल आली, नारळ आला, आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं.

गप्प बसणं सोपं होतं. पण नव्या जहाजाची शाल अंगावर घेतली की जुन्यावर जायचा रस्ता बंद. मी म्हणालो, "जहाज नवीन नाही. जुनंच आहे. बदलली ती फक्त पाटी."

मागून माझ्या वर्गातला एक ओरडला, "आन ती इमानं रं?"

"ती आमची न्हाईत."

"मग शाल परत घ्यायची का गड्या?"

हशा झाला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवून वेळ मारून नेली. पहिल्या रांगेत आबा बसले होते. फक्त ते हसले नाहीत.

घरी ओट्यावर मी जुन्या कंपनीच्या कोऱ्या जहाजाचं सांगितलं, तेव्हा त्यांनी तोंड उघडलं. "नवं जहाज देत्यात म्हनतोस, मग घ्यायचं की."

"तिथं मी दोन नंबर, आबा. जुन्यावर चीफ करत्यात."

"तीन दावणी फिरल्याला बैल कोन घेतंय?"

"आवं, मालक बदलल्यानं जहाज बदलत न्हाई. बांधतानाच त्याला सात आकडी नंबर देत्यात, पत्र्यावर उठवल्याला. नाव बदलू दे, झेंडा बदलू दे, भंगारात जाईस्तोवर नंबर त्योच."

आबांनी मान वर केली. पेन्शनीतली निम्मी वर्षं त्यांनी तलाठ्याच्या दारात काढलीत. "म्हंजी गट नंबर."

"व्हय."

"आन मालक बदलला की फेरफार."

"व्हय. जमीन तीच."

त्यांनी पाठ ताठ केली. मग अगदी फौजी आवाजात विचारलं, "इंजनाचा चार्ज कुनाकडं?"

"समदा माझ्याकडं."

"मधी समुद्रात बंद पडलं तर?"

"मलाच इचारत्यात."

"कसं चालू करायचं, ते वरनं कोन सांगनार न्हाई?"

"कोन न्हाई."

"मग त्या नव्याचं काय लोणचं घालायचंय?" असं म्हणून ते उठले आणि जनावरांना वैरण टाकायला गेले.

मी तिथेच बसून नव्या मालकाला होकार कळवला. गोठ्याच्या कुडापलीकडून शेजाऱ्याने आबांना काहीतरी विचारलं. "पोराकडं चार्ज आलाय," आबा म्हणाले. जहाज कसलं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि शेजाऱ्यानेही विचारलं नाही.